पहिले सत्र : महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलांची पूर्वतयारी

जून महिन्यात आपल्या विद्यालयाच्या फाटकापाशी दरवर्षी एक दृश्य दिसते. सकाळची वंदना आटोपलेली असते. बारावी उत्तीर्ण झालेली मुले-मुली आपापली पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन उभी असतात. त्यांचे आई-वडील शिक्षकांना जयभीम करतात, पुन्हा एकदा वसतिगृहाच्या खोल्यांकडे पाहतात. आम्ही त्या मुलांच्या हाती संविधानाची प्रत आणि फुले देतो आणि एस.टी. वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहतो. आमचे काम येथे संपले, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे, हे आम्हाला आमच्याच एका विद्यार्थिनीमुळे कळले. बारावीला उत्तम गुण मिळवून ती शहरातील महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला दाखल झाली. अभ्यासात ती कोठेही उणी नव्हती. शिष्यवृत्तीचा अर्जही तिने वेळेवर भरला होता. मात्र पाचवीत असताना गावातील बँकेत उघडलेल्या जुन्या खात्याशीच तिचे आधार जोडलेले राहिले होते आणि व्यवहार न झाल्यामुळे ते खाते निष्क्रिय झाले होते. ते बदलायचे तर पडताळणीचा संकेतांक वडिलांच्या मोबाइलवर येई, आणि वडील दसऱ्यापूर्वीच ऊसतोडीच्या टोळीबरोबर दूरच्या कारखान्यावर गेलेले. कधी मोबाइल बंद, कधी फडात आवाज पोहोचत नसे. खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले. दिवाळीच्या सुटीत ती गावी गेली आणि परत फिरली नाही. आम्हाला हे समजले ते पुढच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमात ती समोर दिसली तेव्हा. ‘सर, एवढ्यासाठी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा,’ एवढेच ती म्हणाली.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. आपली मुले पहिल्या सत्रात मागे पडतात ती बहुतेक वेळा बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर फार लहान लहान गोष्टी वेळेवर न झाल्यामुळे. त्या गोष्टी कोणत्या, त्या केव्हा आणि कोणी करावयाच्या, हे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर नीट मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

सत्र म्हणजे नेमका किती काळ?

पूर्वी पदवीचा अभ्यासक्रम वार्षिक परीक्षेवर चालत असे. जून-जुलैमध्ये प्रवेश, दिवाळीपर्यंत जुळवून घेणे आणि त्यानंतर मार्चच्या परीक्षेचा अभ्यास, अशी विद्यार्थ्यांची रीत होती. आज ती रीत घातक ठरते. आता वर्षाची दोन सत्रे असतात आणि प्रत्येक सत्राची स्वतंत्र परीक्षा होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार नवी रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात श्रेयांक, म्हणजे विद्यार्थी ज्यांना क्रेडिट म्हणतात ते, मोजले जातात. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरातील १५ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास लागतात. एका सत्रात साधारणपणे २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात.

हा हिशेब पालकांनीही एकदा करून पाहावा. चार श्रेयांकांच्या विषयाचे सत्रात ६० तास होतात, म्हणजे १५ आठवडे, दर आठवड्याला चार तास. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थिती अपेक्षित असते, म्हणजे ६० पैकी फार तर १५ तास चुकले तर चालतात. प्रवेश झाल्यानंतर राहण्याची सोय झाली नाही म्हणून एखादा मुलगा तीन आठवडे गावीच थांबला, तर त्याचे १२ तास तेथेच संपले. उरलेल्या संपूर्ण सत्रासाठी त्याच्या हाती केवळ तीन तास राहिले. त्यानंतर ताप आला, घरी लग्न निघाले, आजी वारली, तर तो काय करणार?

शिवाय सत्राअखेरच्या लेखी परीक्षेबरोबरच अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. चाचणी, स्वाध्याय, प्रकल्प, वर्गातील सादरीकरण हे सर्व सत्र चालू असतानाच होते. जो उशिरा पोहोचतो त्याचे हे गुण गेलेले असतात आणि ते गेले हेही त्याला पुष्कळदा शेवटी कळते.

आपल्याला हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. आपल्याकडील पहिले सत्रही जवळपास याच काळात चालते. वर्षावासात भिक्खू एका ठिकाणी राहतात. तातडीचे कारण असल्यास सात दिवसांपर्यंत बाहेर राहण्याची मुभा विनयात आहे, पण राहण्याचे ठिकाण आधी ठरलेले असते आणि तेथे परतावयाचे असते. आपल्या विहारात या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ते शेवटच्या आठवड्यात घाईने उरकता येत नाही. रोज थोडे वाचले जाते म्हणूनच समाप्तीच्या दिवशी ग्रंथ पूर्ण होतो. एक जागा, ठरलेला काळ आणि रोजचे थोडे काम हीच सत्राची रीत आहे आणि आपली मुले लहानपणापासून ती पाहत आली आहेत.

कागदपत्रांची फाईल

सर्वांत आधी कागदपत्रे. निकाल लागल्यानंतर त्यांच्यामागे धावू नये. बारावीची परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत जो काळ मिळतो तो याच कामासाठी वापरावा. एका चांगल्या फाईलमध्ये पुढील कागद लावावेत : दहावी व बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिकेची प्रत, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि छायाचित्रे. मध्ये एखादे वर्ष शिक्षणात खंड पडला असेल तर त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र. शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयाकडे जमा होतो, म्हणून त्याच्या चार-पाच प्रती आधीच काढून ठेवाव्यात. प्रत्येक कागदाचे स्वच्छ छायाचित्र आई-वडिलांच्या, विद्यार्थ्याच्या आणि घरातील आणखी एका जाणत्या माणसाच्या मोबाइलमध्ये असावे.

यानंतर सर्व कागद शेजारी शेजारी मांडून नाव वाचावे. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त अडचणी येथे निघतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एक आणि आधारवर दुसरे असते. आडनावाच्या इंग्रजी लेखनात एका अक्षराचा फरक असतो, किंवा जन्मतारखेचा महिना बदललेला असतो. शाळेत असताना ही दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यानंतर तिला वेळ लागतो आणि प्रवेशफेरी कोणासाठी थांबत नाही.

आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या मुलांच्या शालेय नोंदींत कोठे ‘हिंदू महार’, कोठे ‘बौद्ध’, कोठे ‘नवबौद्ध’ असे लिहिलेले आढळते. एकाच घरातील दोन भावांच्या दाखल्यांवर दोन प्रकार असतात. याला इतिहास आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात राज्याच्या सवलती मिळत राहिल्या तरी केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. तो १९९० च्या दुरुस्तीने झाला. अनुसूचित जातीतून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना त्यानंतर केंद्राच्या सवलतीही खुल्या झाल्या. म्हणून जातीचा दाखला काढताना राज्यासाठीचा आणि केंद्रासाठीचा नमुना वेगळा असतो हे ध्यानात ठेवावे. अर्ज कोठे करावयाचा आहे हे आधी पाहावे आणि आवश्यक असल्यास दोन्ही काढून घ्यावेत. हा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळतो. त्यासाठीचा अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो.

जात वैधता प्रमाणपत्र ही त्यानंतरची पायरी आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घेण्यासाठी ते लागते. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती ते देते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा असतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद किंवा जुने महसुली कागद त्यासाठी उपयोगी पडतात. वडील, चुलते किंवा सख्खी आत्या यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत अवश्य जोडावी. हे कागद गावात, तहसिलात, कधी आजोबांच्या जुन्या शाळेत शोधावे लागतात. त्याला महिने लागू शकतात. म्हणून जो विद्यार्थी व्यावसायिक अभ्यासक्रमाचा विचार करीत आहे त्याच्या घरी हा शोध बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीच्या दिवाळीत सुरू व्हावा.

पैशाची वाट आणि मधले महिने

शासनाच्या योजना पुष्कळ आहेत. त्यांपैकी तीन आपल्या प्रत्येक पालकाला तोंडपाठ असाव्यात. पहिली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना तिच्यातून शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. दुसरी फ्रीशिप. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती तिच्यातून होते. हे दोन्ही अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात आणि दरवर्षी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. तिसरी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी तिच्यातून साहाय्य मिळते. २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, अन्य महानगरपालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,००० रुपये अशी रक्कम ठरविण्यात आली. गुणांची व उपस्थितीची अटही तिला आहे. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात जाऊन त्या वर्षीची माहिती घ्यावी.

अर्ज भरला म्हणजे काम झाले असे मात्र मानू नये. अर्ज महाविद्यालयाच्या स्तरावर तपासला जातो, तेथून पुढे जातो, आणि त्रुटी आढळल्यास विद्यार्थ्याकडे परत येतो. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष हातचे जाते. दर आठ दिवसांनी अर्जाची स्थिती पाहण्याची सवय लावावी. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, असे शासनाचे निर्देश आहेत. महाविद्यालयाने मागणी केल्यास नम्रपणे, पण लेखी अर्ज देऊन ही बाब निदर्शनास आणावी. शब्दाला शब्द वाढवण्यापेक्षा पोच घेतलेला अर्ज अधिक उपयोगी पडतो.

आता खात्याबद्दल. बँकेत आधारची प्रत दिली म्हणजे शासनाचे पैसे त्या खात्यात येतील असे नाही. थेट लाभाची रक्कम कोणत्या खात्यात जावी यासाठी वेगळी जोडणी बँकेतून करून घ्यावी लागते आणि ती एका वेळी एकाच खात्याशी असते. म्हणून बँकेत स्वतः जाऊन विचारावे : ‘माझे आधार थेट लाभासाठी याच खात्याशी जोडलेले आहे काय?’ लहानपणी उघडलेले खाते असेल तर १८ वर्षे पूर्ण झाल्यावर त्याची केवायसी नव्याने करावी. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, हेही विसरू नये. आणि आधारशी विद्यार्थ्याचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. आमच्या त्या विद्यार्थिनीचे वर्ष या एका क्रमांकापायी गेले.

आपल्या भागातील अनेक पालक दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला जातात. उत्पन्नाचा दाखला, वडिलांची स्वाक्षरी, प्रतिज्ञापत्रे ही सर्व कामे टोळी निघण्यापूर्वी उरकलेली असावीत. गावात राहणाऱ्या मामाकडे किंवा थोरल्या बहिणीकडे कागदांची एक प्रत ठेवून द्यावी.

आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशाच्या दिवशी मिळत नाही, ती काही महिन्यांनी येते. पोटाला मात्र पहिल्या दिवसापासून लागते. खोलीभाडे, खानावळ, प्रवास, वह्या, प्रयोगशाळेचे साहित्य यांचा पहिल्या चार महिन्यांचा हिशेब एका कागदावर मांडावा आणि तेवढी तजवीज कोठून होणार हे घर सोडण्यापूर्वी ठरवावे. मुलाच्या खानावळीसाठी मुकादमाकडून वाढीव उचल घेतलेले बाप आम्ही पाहिले आहेत. ती उचल फेडताना पुढच्या हंगामात धाकट्या भावाच्या हाती कोयता येतो. पालकांना आमची विनंती आहे की, उचल घेण्यापूर्वी एकदा आमच्याकडे या. नेहमीच मार्ग निघेल असे वचन आम्ही देत नाही. पण मार्ग शोधणारे चार जण तरी असतील.

राहण्याची जागा

महाविद्यालयात प्रवेश झाला म्हणजे वसतिगृह मिळाले, असा समज आपल्या मुलांत सहज होतो, कारण आपल्याकडे विद्यालय आणि वसतिगृह एकाच कुंपणात आहेत. बाहेर तसे नसते. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, त्याची मुदत वेगळी असते आणि निवड गुणवत्तेनुसार होते. यादी लागेपर्यंत जे दिवस जातात त्या दिवसांची सोय आधी पाहावी. याच मधल्या दिवसांत मुले गावी परततात आणि सत्राचे पहिले आठवडे हातचे जातात.

वसतिगृहाचे महत्त्व बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शाळेचे दार उघडे असले तरी निजायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल तर ते दार आपल्या मुलांसाठी बंदच राहते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. शंभर वर्षांनंतरही ही गोष्ट बदललेली नाही.

अभ्यासाची पूर्वतयारी

कागद, पैसा आणि जागा यांची व्यवस्था झाल्यावर अभ्यासाकडे यावे. येथे पहिली अडचण भाषेची असते. मराठी माध्यमातून कला किंवा वाणिज्य शाखेची बारावी करून जो विधी, व्यवस्थापन किंवा संगणकाच्या अभ्यासक्रमाला जातो त्याला एकदम इंग्रजी पुस्तके हाताळावी लागतात. विज्ञान शाखेच्या मुलांची पुस्तके आधीपासून इंग्रजीत असतात हे खरे. पण आपल्या वर्गात आम्ही त्यांतील प्रत्येक परिच्छेद मराठीत समजावून देत आलो. पदवीच्या वर्गात तो आधार सुटतो. त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांत हुशार मुलालाही आपण अचानक मंद झालो असे वाटू लागते.

तो मंद झालेला नसतो. ‘सीमांत उपयोगिता’ ही संकल्पना ज्याला पक्की समजली आहे त्याला ‘मार्जिनल युटिलिटी’ नव्याने शिकावयाची नसते, फक्त तिचे दुसरे नाव ओळखीचे करावयाचे असते. म्हणून सुटीच्या काळात एक वही करावी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. त्यातील रोज दहा शब्द घ्यावेत : इंग्रजी संज्ञा, मराठी अर्थ आणि स्वतः रचलेले एक वाक्य. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश यासाठी फार उपयोगी आहेत. महिन्याभरात तीनशे शब्द होतात. प्रत्येक विषयाच्या पहिल्या प्रकरणात लागणारे बहुतेक शब्द त्यांत येऊन जातात आणि पहिला तास परका वाटत नाही. याबरोबर मागील दोन-तीन सत्रांच्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. त्या लगेच सोडवता येणार नाहीत. पण कोठे पोहोचावयाचे आहे हे आधी दिसले तर वाट चुकत नाही.

नव्या रचनेत प्रमुख विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय अशी निवड करावी लागते. मित्राने घेतला म्हणून विषय घेऊ नये. पुढे काय करावयाचे आहे, तो विषय शिकवणारे शिक्षक महाविद्यालयात आहेत काय आणि वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर येत नाहीत ना, हे विचारून मगच नाव द्यावे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतात. त्यासाठी अपार क्रमांक लागतो. तो प्रवेशाच्या सुमारासच काढून घ्यावा आणि त्यावरील नाव गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, हे तपासावे.

पहिल्या आठवड्यात पाच कामे करावीत. वेळापत्रक लिहून घ्यावे. ग्रंथालयाचे कार्ड काढावे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी पुस्तक पेढीची चौकशी करावी. शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाला भेटून आपले नाव सांगावे. आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना तास संपल्यावर निदान एक प्रश्न विचारावा. हे शेवटचे काम सर्वांत अवघड जाते. पण ज्या विद्यार्थ्याचा चेहरा शिक्षकांना पहिल्या महिन्यात ओळखीचा होतो, तो अडचणीत आल्यावर त्यांच्या दारापर्यंत जाऊ शकतो.

घंटेविना दिवस

आपल्या विद्यालयात पहाटे पाचला घंटा होते. वंदना, व्यायाम, अभ्यासिका, भोजन, प्रत्येकाची घंटा आहे. महाविद्यालयात ती नाही. सकाळी कोणी उठवत नाही, तासाला गेला नाही म्हणून कोणी शोधत येत नाही, रात्री मोबाइल ठेवून दे असे कोणी म्हणत नाही. इतकी वर्षे शिस्तीत वाढलेला मुलगा या मोकळेपणात अधिक लवकर वाहवतो, हे आम्ही पाहिले आहे. यात काही अंशी आमचाही दोष आहे. आम्ही घंटा वाजवत राहिलो, पण घंटेवाचून उठण्याची सवय लावली नाही. म्हणून आता बारावीच्या वर्गाला शेवटचे दोन महिने आम्ही घंटेतून मुक्त ठेवतो. त्यांचा दिनक्रम त्यांनीच आखावयाचा आणि त्यांनीच पाळावयाचा. चुका होतात. त्या येथे होऊन जातात हे बरे.

आणखी एक प्रसंग त्यांच्यासमोर येणारच असतो. कधी थट्टेने, कधी खोचकपणे कोणीतरी विचारते, ‘कोणत्या कॅटेगरीतून?’ या प्रश्नाला भिऊन शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी उभे राहण्याचे टाळणारी मुले आम्हाला ठाऊक आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, ती खिडकी दानाची नाही, हक्काची आहे. तिच्यासमोर मान वर करून उभे राहावे. छळ होत असेल तर तो सोसू नये. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे. महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती आणि समान संधी कक्ष असतात. त्यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि एक प्रत आमच्याकडे पाठवावी.

एखाद्या विषयात अपयश आले, ए.टी.के.टी. लागली, तरी सर्व संपले असे समजू नये. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवूनच थांबले. या गोष्टीतील ‘परत जाणे’ आमच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

आपण काय करू शकतो?

त्या विद्यार्थिनीच्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी वही ठेवली आहे. महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या सत्रात चार वेळा दूरध्वनी करावयाचा : प्रवेशानंतर दहा दिवसांनी, महिन्याने, दसऱ्यापूर्वी आणि दिवाळीची सुटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. अभ्यास कसा चालला आहे हा प्रश्न आम्ही शेवटी विचारतो, कारण त्याला ‘चांगला’ हे उत्तर ठरलेले असते. आधी विचारतो : जेवण कोठे करतोस? खात्यात पैसे आले काय? मागच्या आठवड्यात किती तास चुकले? घरी कोणी आजारी आहे काय? या चार प्रश्नांच्या उत्तरांतून बहुतेक सर्व कळते.

पण वही विद्यालयात असते आणि मुले शहरात. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. आपण पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, मुंबईत नोकरी-व्यवसायात स्थिरावला आहात. या दिवसांत आपल्या शहरात येणाऱ्या एका मुलाची किंवा मुलीची जबाबदारी घ्या. पैसा हवाच असे नाही. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत आठ दिवस घरात जागा, महाविद्यालयाच्या कार्यालयात एकदा सोबत जाणे, महिन्यातून एका रविवारी घरचे जेवण, एवढे पुरे आहे. आपल्या वेळी असे कोणी भेटले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा. किंवा असे कोणी भेटले असेल तर त्याची आठवण ठेवा.

पालकांनी एवढेच करावे : मुलाला दर आठवड्याला फोन करावा आणि त्याने अडचण सांगितली तर रागावू नये. ‘तू शिकतोस, तुला काय कमी’ हे वाक्य अनेक मुलांचे तोंड कायमचे बंद करते.

ती विद्यार्थिनी पुढील जूनमध्ये पुन्हा महाविद्यालयात गेली. या वेळी तिची फाईल आम्ही तिच्यासमवेत बसून लावली, बँकेत तिच्याबरोबर गेलो, आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडून घेतला. एका माजी विद्यार्थिनीने तिला यादी लागेपर्यंत आपल्या घरी ठेवून घेतले. दसऱ्यापूर्वीच्या फोनमध्ये तिने सांगितले, ‘सर, पैसे आले.’ आम्हाला आनंद झाला. परंतु तिचे गेलेले एक वर्ष आम्ही तिला परत देऊ शकलो नाही. ते वर्ष आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

या जूनमध्येही फाटकापाशी पेट्या घेऊन मुले उभी राहतील. एस.टी. वळणाआड गेल्यावर आम्ही हात खाली घेऊ आणि वही उघडू. त्या वहीत प्रत्येक नावापुढे एक रिकामा रकाना आहे : शहरातील पालक. तो रकाना आपल्यापैकी कोणीतरी भरावा, एवढेच मागणे आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.